तांब्याच्या कळशीतलं पाणी: दोष कळशीचा की बाटलीचा?

वाईची_सून

नमस्कार मंडळी. आमच्याकडे चार दिवस झाले, एका कळशीवरून अबोला आहे. नवरा आणि सासूबाई एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात. "आईला सांग, मला डबा नको." "त्याला सांग, डबा भरलाय." कंटाळून इथे विचारतेय.

झालं असं. सासूबाई वाईहून आल्या त्या स्वतःच्या लग्नातली तांब्याची कळशी घेऊनच. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं नाव घातलंय, पुढे "मातोश्रींकडून सप्रेम भेट, सन १९७४". इतक्या वर्षांत ती कधी मोरीत होती, कधी माळ्यावर, मधली बरीच वर्षं तुळशीपाशी. आता आमच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये ओट्यावर, मिक्सर आणि एअर फ्रायरच्या मधोमध विराजमान. रात्री ओटा आवरला की त्या ती भरतात, वर झाकणी ठेवतात आणि सकाळी सगळ्यांना एकेक भांडं पाणी. मला, नवऱ्याला, सहा वर्षांच्या मुलीलाही. दीड महिना झाला, कुणाला काही झालं नाही. सासूबाईंचं म्हणाल तर पोट साफ होतं म्हणून त्या खूशच.

मग नवऱ्याला हुरूप आला. त्याने ऑनलाइन तांब्याची बाटली मागवली, अकराशे रुपयांची, ऑफिसला न्यायला. गेल्या गुरुवारी रात्री त्याने त्यात कोमट पाणी भरलं, अख्खं लिंबू पिळलं, दोन चमचे मध घातला आणि झाकण लावून ठेवून दिली, सकाळी घाई नको म्हणून. सकाळी गाडीत बसल्या बसल्या निम्मी संपवली. भूमकर चौकाच्या सिग्नलला पोहोचेपर्यंत मळमळायला लागलं आणि पुढे गाडी कडेला घेऊन भडाभडा उलटी. संध्याकाळपर्यंत पोटात पीळ पडत होता. म्हणे, तोंडात जुनं नाणं धरल्यासारखी चव. बाटलीतलं उरलेलं मी बेसिनमध्ये ओतलं. बेसिन पांढरं शुभ्र आहे म्हणून लक्षात आलं, पाण्याला निळसर झाक होती.

घरी येऊन त्याने फर्मान काढलं, "कळशी बंद." सासूबाई म्हणाल्या, "माझ्या कळशीनं पन्नास वर्षांत कुणाला ओकवलं नाही. बाटलीचं पाप कळशीच्या माथी का मारतोस?" तेव्हापासून अबोला.

मला विचारायचंय ते एवढंच, की कळशीतलं पाणी चालू ठेवायचं का, मुलीला द्यायचं का, आणि लिंबामुळे खरंच असं होतं की बाटलीच भेसळीची? आमचे नेहमीचे डॉक्टर हसून म्हणाले, "नका पिऊ, प्रश्न मिटला." पण ज्यांच्या घरात सासूबाईंची कळशी आहे त्यांना कळेल, असा प्रश्न मिटत नसतो.

ताम्रजल_पहाटे_पाच

ताई, बिनधास्त प्या. मी पंधरा वर्षं घेतोय, पहाटे पाचला, उकिडवं बसून, चार ग्लास. शुगर, थायरॉइड, सांधे, वजन, केस गळणं, सगळ्यावर एकच उपाय. आपल्या पूर्वजांनी विचार करूनच ठेवलंय. यजमानांना झालं ते विषारी द्रव्यं बाहेर पडताना होतं तसं, दोन दिवसांत सवय होईल. लिंबू-मध चालू ठेवायला सांगा.

एडिसनकर

वरचा शेवटचा सल्ला कृपया ऐकू नका. उलटी झाली म्हणजे पोटाने आपलं काम चोख केलं, त्यात सवय कसली करायची?

इथली एक गंमत सांगतो. न्यू जर्सीत आमच्या घराच्या भिंतीतली पाण्याची पाइपं तांब्याची आहेत, बऱ्याच घरांत असतात. म्हणजे आम्ही बारा महिने चोवीस तास ताम्रजलच पितो, फक्त त्याला उषःपान म्हणत नाही. आणि इथला सरकारी सल्ला नेमका उलटा आहे: रात्रभर पाइपात साचलेलं पाणी सकाळी आधी सोडून द्या, मग प्यायचं भरा. खरी भीती शिशाची, कारण जुन्या पाइपांच्या सांध्यांना शिशाचा डाख (सोल्डर) असतो, पण तांब्यालाही मर्यादा आहे. १९९१ च्या नियमाप्रमाणे लिटरला १.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर पाणीपुरवठा करणाऱ्यांना हालचाल करावी लागते.

आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा मी सकाळी नळ सोडून उभा होतो. तिला कारण सांगितलं तर कपाळावर हात मारून घेतला, "अरे, आम्ही रात्रभर मुद्दाम ठेवतो तेच तू ओतून देतोस!" दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो, असं मला अजून वाटतं. तुमच्या बेसिनमधली निळसर झाक मात्र ओळखीची आहे. आमच्या तळघरातल्या गळक्या नळाखाली टबला असाच निळा-हिरवा ओघळ पडलाय, किती घासला तरी जात नाही.

भाता_ओढणारा

आजोबा तांबट, वडील तांबट, मी बँकेत. पण शाळेत असताना दर सुट्टीत भाता मीच ओढलाय, त्यामुळे चार शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत लहानपण गेलं. ज्यांनी ती आळी ऐकलीय (पाहिलीय नव्हे, ऐकलीय) त्यांना ठाऊक असेल, सकाळी नऊपासून ठोके सुरू. तांब्याच्या भांड्यावर तुम्हाला दिसतात ते गोल गोल ठसे नक्षी म्हणून नसतात, त्याला मठार म्हणतात. तापवून मऊ केलेला पत्रा ठोकून ठोकून कडक होतो, मठारलेलं भांडं सहजी पोचत नाही. सासूबाईंच्या कळशीवर हात फिरवून बघा, मठार लागेल.

आता मुद्द्याचं. वडिलांकडे कुणी हंडा-कळशी घ्यायला आलं आणि "आतून कल्हई (म्हणजे कथिलाचा मुलामा) करून द्या" म्हणालं, तर ते हसायचे. "पाण्याला कल्हई लागत नाही, आणि आमटीला कल्हईशिवाय चालत नाही." हा सगळ्या धंद्याचा सारांश होता. तांब्या-पितळेला आंबट लागलं की ते कळकतं. चिंचेचं सार, ताक, कढी, सोलकढी, टोमॅटो, काहीही. जुन्या बायकांना हे सांगावं लागत नसे. ताक कळकलं की एका घोटात कळायचं आणि ते गाईम्हशीच्या आंबोणातही घालत नसत. तुमच्या यजमानांनी जे केलं त्याला आमच्या आजीने "मुद्दाम कळकवलं" म्हटलं असतं. लिंबू म्हणजे आम्ही भांडं घासायला वापरतो हो! लिंबू-मीठ लावलं की काळं तांबं लखलखतं, कारण वरचा थर लिंबात विरघळून जातो. तो विरघळलेला थर मोरीत जायच्या ऐवजी यजमानांच्या पोटात गेला, तोही आठ तास मुरलेला.

बाटली खरी की खोटी ते बघायला लोहचुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड किंवा तसलंच स्टील आहे, वर नुसता मुलामा. चिकटला नाही म्हणून शंभर टक्के तांबं असं मात्र नाही, आत ॲल्युमिनियम असलं तरी चुंबक गप्पच बसतो. तळाला कानशीने बारीक ओरखडा काढून बघा, आतून लालच दिसलं पाहिजे.

पण बाटलीचा खरा दोष तिचं तोंड. हात आत जात नाही. कळशीत निदान मुलीचा हात जाईल. बाटली धुवायची तर मूठभर तांदूळ, मीठ, अर्धं लिंबू आणि थोडं पाणी घालून खळाखळा हलवायची, मग चार पाण्यांनी धुवायची. भांडं आतून तपकिरी-काळपट झालं तर भिऊ नका, तो तांब्याचा नेहमीचा रंग. हिरवं दिसलं तर मात्र घासल्याशिवाय एक थेंब पिऊ नका. आणि पितांबरी असो वा चिंच, घासून झाल्यावर पहिलं पाणी झाडाला.

वाईची_सून

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. भाता ओढणारे काका, मठार लागला हाताला. मी सहा आठवडे ती कळशी रोज पुसतेय आणि मला ते पोचे वाटत होते.

एक फरक आता लक्षात आला. कळशीत सासूबाई नळाचं पाणी उकळून, गार करून भरतात. आरओला त्या "मेलेलं पाणी" म्हणतात, हात लावत नाहीत. नवऱ्याची बाटली मात्र आरओच्या पाण्याची. याने काही फरक पडतो का? बाटली आल्यापासून तीन आठवड्यांत आतून एकदाही धुतलेली नव्हती, हेही कबूल करते. नुसती विसळायची.

अजून एक, जाता जाता. जाऊबाई दिवाळीला येतायत, त्यांचं बाळ सात महिन्यांचं आहे. वरचं दूध सुरू झालंय. सासूबाईंनी बाळाच्या दुधासाठी खास पितळी पातेलं काढून घासून ठेवलंय, पितळेतलं दूध बाळाला मानवतं म्हणून. आतली कल्हई उडालीय पण पातेलं सोन्यासारखं दिसतंय. ते चालेल ना? त्यात आंबट काही नाही.

नमुना_क्रमांक_अमुक

कळशीचं नंतर बोलू. आधी ते पातेलं माळ्यावर टाका. आज. दिवाळीची वाट बघू नका.

मी एकतीस वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली. लोक बाटलीत नमुना आणून देत, मी त्यावर क्रमांक घालत असे, म्हणून हे नाव. भिववायचा माझा स्वभाव नाही, पण बिनकल्हईच्या पितळेतलं दूध आणि तान्हं मूल या जोडीचा इतिहास आपल्या पुण्यातच लिहिला गेलाय आणि तो विसरला गेलाय याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

पूर्वी आपल्याकडे लहान मुलांचा एक यकृताचा आजार होता. साधारण सहा महिने ते चार-पाच वर्षं वयाची मुलं. मूल चिडचिडं व्हायचं, पोट वर यायचं, यकृत दगडासारखं लागायचं, पुढे कावीळ, पोटात पाणी आणि बहुतेकदा काही महिन्यांत शेवट. एकाच घरात दोन-दोन मुलं जायची, त्यामुळे लोक दृष्ट, शाप, काय काय म्हणायचे. डॉक्टरी पुस्तकांत याचं नावच "भारतीय बाल-सिरॉसिस" पडलं, इतका तो आपला. या मुलांच्या यकृतात तांबं भयंकर साठलेलं असायचं. ते येतं कुठून, याचा माग पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी काढला. १९८३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला. बाळाला लवकर सुरू केलेलं गाईम्हशीचं दूध, आणि ते तापवायला, साठवायला तांब्या-पितळेची भांडी. आईच्या दुधात तांबं थोडकंच असतं. जनावराच्या दुधातही मुळात थोडंच असतं. पण दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं, त्यामुळे पितळेत तापवलेलं आणि तासन् तास ठेवलेलं दूध भांड्यातून तांबं ओढून घेतं. आंबट असायची गरजच नाही. दिसत नाही, दूध पांढरंच राहतं, चवही फारशी बदलत नाही. ताक कळकलं की कळतं, दूध सांगत नाही.

प्रत्येक मुलाला होत नसे, तेव्हा काही मुलांत जन्मतःच काही उणीव असावी असं मानतात. पण घरोघरी स्टील आलं आणि हा आजार पाहता पाहता जवळपास नाहीसा झाला. आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांपैकी अनेकांनी तो पाहिलेलाही नसेल. आणि हे फक्त आपल्याकडचं नव्हे. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात अशीच १३८ मुलं गेली. तिथेही बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात गाईचं दूध शिजवून बाळांना देत. भांडी बदलली, आजार थांबला.

तेव्हा बाळाचं दूध स्टीलमध्ये. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला कळशीतलं पाणीसुद्धा नको. वरचं दूध सात महिन्यांना किती, कसलं, हे जाऊबाईंनी बालरोगतज्ज्ञांना विचारावं, तो माझा प्रांत नाही.

आता तुमची कळशी. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक साधा प्रयोग छापला. पाण्यात मुद्दाम पटकी, विषमज्वर, हगवण वगैरेंचे जिवाणू सोडले आणि ते तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलं. सोळा तासांनी एकही जिवंत जिवाणू वाढवून दाखवता आला नाही. तोवर पाण्यात उतरलेलं तांबं लिटरला ०.१७७ मिलिग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम. आपल्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात इष्ट मर्यादा ०.०५ आणि पर्यायी स्रोत नसेल तर चालवून घ्यायची मर्यादा १.५. म्हणजे इष्टापेक्षा जास्त, पण धोक्याच्या आकड्यापासून बरंच लांब. दिवसाला एक-दोन भांडी पाणी प्यायलात तर आकडा चिमटीत सापडणार नाही इतका छोटा. शरीराला दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम तांबं लागतंच आणि ते आपल्या डाळी, तीळ, शेंगदाण्यांतून मिळतं. त्यासाठी कळशीची गरज नाही आणि कळशीने बिघडतही नाही.

पण लक्षात घ्या, तो प्रयोग जिवाणूंवरचा होता. शुगर, थायरॉइड, केस यांच्यावर नव्हता. पहाटे पाचवाल्यांनी रागावू नये. आणि महापालिकेचं क्लोरीनचं पाणी उकळून कळशीत ओतल्यावर तांब्याने मारायला शिल्लक राहतं कोण? खरा उपयोग विहिरी-ओढ्याचं पाणी हंड्यात भरणाऱ्या घरात होता. फ्लोराइड, आर्सेनिक, क्षार यांना तांबं हातही लावत नाही. लोक मला विचारायचे, "साहेब, बोअरचं पाणी खारट आहे, तांब्याच्या हंड्यात ठेवू का?" ठेवा, खारटच राहील. आणि कळशीत तोच हात, तीच वाटी बुडवायची असेल तर सकाळपर्यंत जेवढं साफ झालं तेवढं दुपारी परत घाण.

तुम्ही आरओचं विचारलंत ते फार नेमकं विचारलंत. नळाच्या पाण्यात चुन्याचे क्षार असतात, ते आम्ल झेलतात आणि जुन्या भांड्याला आतून पातळ थर धरतात. कळशीत बोट फिरवा, पांढुरकं खरखरीत लागेल. ते तुमचं संरक्षण. आरओचा पडदा क्षार काढून घेतो, पण कार्बन डायऑक्साइड आरपार जातो. म्हणून त्या पाण्याचा सामू (पीएच) सातच्या खाली घसरतो आणि ते धातूला खायला मोकळं होतं. सासूबाई त्याला मेलेलं पाणी म्हणतात. मी भुकेलेलं म्हणेन. त्या भुकेल्या पाण्यात तुमच्या यजमानांनी लिंबू पिळलं, वर ते कोमट केलं, नव्या कोऱ्या तांब्यात भरलं आणि रात्रभर ठेवलं. तांबं काढायला सांगितलं असतं तर प्रयोगशाळेत मीही साधारण असंच काहीतरी केलं असतं. लिटरला अडीच मिलिग्रॅमच्या पुढे पाणी कडवट-तुरट लागायला लागतं, थोडं आणखी वर गेलं की रिकाम्या पोटाला मळमळ. पाण्याला निळसर झाक डोळ्यांना दिसली म्हणजे त्याच्या कितीतरी पुढे गेलेलं. अशी एखादी उलटी होऊन गेली तर बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. रोज थोडं थोडं करून असं पीत राहिले असते तर यकृताने हिशोब मागितला असता.

मुलीला कळशीतलं भांडंभर चालेल, तक्रार नसेल तर. भाता ओढणाऱ्यांनी सांगितलेलं हिरव्या रंगाचं तेवढं पाळा.

तीर्थ_नको

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. माझ्या मुलाला विल्सनचा आजार आहे. यात शरीरातलं जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साठत जातं. १९१२ मध्ये विल्सन नावाच्या डॉक्टरांनी याचं वर्णन केलं म्हणून हे नाव. फार लोकांना नसतो, पण ज्यांना असतो त्यांना बरीच वर्षं ठाऊक नसतं.

मुलगा सहावीत होता. अक्षर बिघडलं. आम्ही ओरडलो, शाळेत ओरडले, शुद्धलेखनाच्या वह्या आणल्या. मग जेवताना तोंडातून लाळ, बोलणं अडखळत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिव्याखाली बघितलं, बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवं कडं होतं. मग रक्त, चोवीस तासांची लघवी, सगळं. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता. म्हणून धाकटीचीही तपासणी केली. तिलाही निघाला, काही लक्षण नसताना. ती वेळेत सापडली, गोळ्यांवर धडधाकट आहे. तोही आता कॉलेजात जातो. अक्षर अजून वाकडंच आहे.

घरात तांब्याचं भांडं नाही. काजू, चॉकलेट, मशरूम, कलेजी बंद. देवळात पुजारी पंचपात्रीतून पळीभर तीर्थ देतात तेव्हा हा हात मागे घेतो. डॉक्टर म्हणतात, पळीभराने काही होत नाही रे. पण तो घेत नाही. बायका बघतात, काही बोलतात. मी आता कुणाला समजावत बसत नाही.

कुणाच्या घरात लहान वयात कारण न कळता यकृताचा त्रास झालेलं कुणी असेल, तर कळशी भरण्याआधी एकदा डॉक्टरांशी बोला. एवढंच.

वाईची_सून

काल रात्री हे सगळं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. नवरा हॉलमध्ये मोबाइल बघत असल्याचं नाटक करत ऐकत होता.

मठाराचं वाचलं तेव्हा त्या खूश झाल्या, ओंजळीत धरून कळशी फिरवून बघितली. "भुकेलेलं पाणी" ऐकून तर हॉलच्या दिशेने एक कटाक्ष टाकला. मग पितळेच्या पातेल्याचं वाचलं. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "ते पोट असं वर आलेलं असायचं का गं? शिरा दिसायच्या?" मी म्हटलं, तसंच लिहिलंय साधारण. त्या उठल्या, पातेलं उचललं आणि स्टुलावर चढू नका म्हणेपर्यंत माळ्यावर ठेवूनही आल्या. माहेरचं कोण होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जाऊबाईंना रात्रीच फोन करून त्यांनी स्वतः सांगितलं, बाळाचं दूध स्टीलमध्येच तापवायचं म्हणून. मला वाटलं होतं ते काम माझ्या गळ्यात पडेल.

तीर्थ नको, तुमच्या मुलांना आशीर्वाद सांगितलाय त्यांनी. आमच्याकडे दोन्ही बाजूंनी यकृताचं कुणी नाही, विचारून घेतलं.

बाटलीला फ्रिजवरचा चुंबक लावून बघितला. चिकटला नाही. तळाला ओरखडा काढला, आतून लालबुंद. म्हणजे अकराशे रुपयांचं तांबं खरंच निघालं, म्हणूनच एवढं उतरलं. तांदूळ-मीठ-लिंबू घालून हलवली तर पहिल्या पाण्याला हिरवट गाळ आला. आता ती मुलीने मनी प्लांटसाठी मागून घेतलीय. नवरा स्टीलच्या बाटलीवर परत आलाय आणि लिंबू-मध काचेच्या ग्लासात, पिळून लगेच.

कळशी ओट्यावरच आहे. आज सकाळी कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याने त्यातलं अर्धं भांडं पाणी प्यायलं. सासूबाई देवघरातून बघत होत्या. "त्याला सांग," मला म्हणाल्या, "भांडं उपडं ठेव म्हणावं."

आता एक शेवटचं विचारते. वाकड, थेरगाव, हिंजवडी या बाजूला अजून फिरणारा कल्हईवाला कुणाला माहीत आहे का? माळ्यावरच्या पातेल्यात सासूबाईंना दिवाळीला बासुंदी करायचीय, मोठ्या माणसांसाठी. आणि भाता ओढणारे काका, तो कथिलात शिसं मिसळत नाही ना, हे बघायचं कसं?

भाता_ओढणारा

समोर बसून करून घ्या. भांडं निखाऱ्यावर लाल व्हायच्या बेताला आलं की तो नवसागर टाकेल, पांढरा धूर उठेल, लांब उभ्या राहा. मग कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवेल, क्षणात आरसा. कथिल त्याच्याकडचं नको, बोहरी आळीतून स्वतः आणा, दुकानदाराला "भांड्याच्या कल्हईचं, बिनशिशाचं" असं स्पष्ट सांगून, आणि पावती घ्या. डाखाची तार कथिलासारखीच दिसते, ती देऊ लागला तर घेऊ नका. फिरणारा माणूस तुमच्याकडे मिळाला नाही तर पातेलं घेऊन तांबट आळीत या. शनिवारी सकाळी मीही तिथे असतो, ठोके ऐकायला.